सिरिंज, गरम पाणी आणि उणे २७३ : चार्ल्सचा नियम घरी कसा करून बघायचा

दरवर्षी अकरावीची नवीन बॅच आली की पहिल्याच आठवड्यात मी एक गणित घालते. २ लिटर हवा आहे, तापमान २० डिग्री, दाब आहे तेवढाच ठेवला आणि ती हवा ४० डिग्रीपर्यंत तापवली तर किती लिटर होईल? वर्गातनं लगेच उत्तर येतं, मॅडम ४ लिटर. तापमान दुप्पट तर आकारमान दुप्पट, नियमात तसंच लिहिलंय की. खरं उत्तर साधारण २.१४ लिटर आहे. म्हणजे दुप्पट तर लांबच, ती हवा जेमतेम सात टक्के वाढली.

हा घोळ नियम दहा वेळा लिहून काढला तरी जात नाही, हे मला शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. पण ज्या पोरांनी एकदा स्वतःच्या हातानं सिरिंज गरम पाण्यात धरली, दट्ट्या वर सरकताना बघितला आणि ग्राफ काढून रेष पार उणे २७० च्या पलीकडं नेऊन बघितली, त्यांना केल्व्हिन का घ्यायचं हे परत सांगावं लागलं नाही. सांगलीत आमच्या क्लासच्या मागच्या खोलीत एक शेगडी, एक स्टीलचा डबा आणि मेडिकलमधनं आणलेली सिरिंज एवढ्यावर हे जमतंय, तर तुमच्याकडं पण जमेल. दहावी-अकरावीची पोरं, त्यांचे आईवडील, प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतले शिक्षक, कुणीही करा, म्हणून सगळं पायरीपायरीनं लिहिते.

आधी नियम, थोडक्यात

ठराविक वायू घेतला, त्याच्यातला काही बाहेर जाऊ दिला नाही, बाहेरचा आत येऊ दिला नाही आणि दाब तेवढाच ठेवला, तर त्याचं आकारमान केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं. केल्व्हिन काढायला सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे (अगदी नेमकं पाहिजे तर २७३.१५). म्हणजे वरच्या गणितात तापमान २० चं ४० झालं नाही, २९३ चं ३१३ झालं. २ गुणिले ३१३ भागिले २९३, झालं २.१४. खरोखर दुप्पट करायची असेल तर २७ डिग्रीची हवा ३२७ डिग्रीपर्यंत न्यावी लागेल, ३०० केल्व्हिनचे ६०० केल्व्हिन.

असं का होतं? हवेचे रेणू सारखे इकडंतिकडं पळत असतात आणि दट्ट्यावर आपटत असतात, तापवलं की ते जोरात पळतात, जोरात आपटतात, मग दट्ट्या मोकळा असेल तर तो बाहेर ढकलला जातो. आतली जागा वाढली की एका जागी आपटण्याचं प्रमाण कमी होतं आणि आतला दाब परत बाहेरच्या हवेइतका झाला की दट्ट्या थांबतो. इथं 'दट्ट्या मोकळा असेल तर' हे सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकात 'स्थिर दाबाला' असे दोनच शब्द असतात आणि पोरं ते वाचून पुढं जातात, पण प्रयोगात निम्मी मेहनत त्या दोन शब्दांसाठीच असते. दाब आपोआप स्थिर राहत नसतो, आपण तो राखायचा असतो.

काय काय लागेल

५० मिलीची प्लास्टिकची सिरिंज, पेशंटला नळीनं खायला घालायला वापरतात ती, मोठ्या मेडिकलमध्ये मिळते. २० मिलीची पण चालेल पण मोठी असली की बदल डोळ्याला नीट दिसतो. नवीन आणि कोरडीच घ्या, कोरडी का ते खाली सविस्तर सांगते.

थर्मामीटर लॅबचा, ० ते ११० डिग्रीचा. ताप बघायचा थर्मामीटर चुकूनही गरम पाण्यात घालू नका, तो ४२ डिग्रीपर्यंतचाच असतो, फुटतो. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर असेल तर तोही चालेल.

बाकी मग घरातलंच. सिरिंज उभी बुडेल एवढा खोल स्टीलचा डबा, बर्फ, गरम पाणी, एमसील, ग्लिसरीनची छोटी बाटली, दोरा, जुनं जड कुलूप, ग्राफ पेपर. आणि नवीन बुटाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात त्या दोन-तीन जपून ठेवा.

पायरी १ : कोरडी हवा भरा

काचेच्या कोरड्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी झाकण जरा तिरकं करून सिरिंजचं तोंड आत घालायचं आणि बरणीतलीच हवा ओढून घ्यायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडची हवा तशीही कोरडी असते, तेव्हा हे नाही केलं तरी फारसं बिघडत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी चढलेलं असताना, भिंतीसुद्धा ओल धरतात तेव्हा, बिना सिलिका जेलचं करूच नका.

पहिल्या वर्षी माझं काय झालं ते सांगते. आधीच्या बॅचनं वापरलेली सिरिंज मी धुतली, झटकली आणि तशीच वापरली, आत दोन-चार थेंब राहिले होते. ४५ डिग्रीला ४६ मिलीच्या आसपास यायला पाहिजे होतं तिथं दट्ट्या ५१ वर, आणि ६० डिग्रीपर्यंत जाताना तर तो शेवटच्या खुणेच्या पार बाहेर आला. ग्राफ सरळ यायच्या ऐवजी वर वाकला. पहिल्या खुणांवरनं रेष मागं नेली तर ती उणे २७३ च्या ऐवजी उणे १५० लाच शून्य आकारमानाला टेकली. पोरं माझ्याकडं बघतायत आणि माझ्याकडं उत्तर नाही. घरी येऊन विचार केल्यावर ध्यानात आलं की आतलं पाणी वाफ होऊन हवेत मिसळत होतं, म्हणजे आत नवीन वायू तयार होत होता, आणि 'ठराविक वायू' ही अटच मोडली होती. ६० डिग्रीला पाण्याच्या वाफेचा दाब जवळपास २० किलोपास्कल (हे दाबाचं एकक) असतो, सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्यानं इथं हवेचा दाबच ९५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा नुसती वाफच. हे व्हायला एक थेंब पाणीसुद्धा पुरतं.

नंतर वाचताना कळलं की ही चूक दोनशे वर्षं जुनी आहे. गे-ल्यूसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०२ मध्ये वायूंच्या प्रसरणाचं काम छापलं तेव्हा त्यानंही हेच लिहिलं होतं, की आधीच्या लोकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत कारण त्यांच्या उपकरणात पाणी राहत होतं. त्यानं वायू काळजीपूर्वक कोरडे केले आणि मग सगळे वायू एकसारखे वाढताना दिसले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. हे मी आता प्रत्येक बॅचला सांगते, कारण सिरिंज कोरडी करणं हे त्यांना बारीकसारीक किरकिर वाटतं, आणि नियम सापडायलाच ते लागलं होतं.

पायरी २ : तोंड बंद करा, दट्ट्या मोकळा करा

दट्ट्याच्या रबराला कडेनं बोटानं अगदी पातळ ग्लिसरीन लावा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, तेलानं रबर फुगतं आणि अजूनच घट्ट बसतं. दट्ट्या चार-पाच वेळा वरखाली करून बघा, लोण्यासारखा सरकला पाहिजे. मग वर सांगितलं तशी कोरडी हवा साधारण ४३-४४ मिलीपर्यंत ओढा आणि तोंड एमसीलनं बुजवा. एमसील पूर्ण वाळू द्या, घाई केली तर गरम पाण्यात मऊ पडून बुडबुडे सुटायला लागतात. वाळल्यावर सिरिंज पाण्यात बुडवून दट्ट्या हलका दाबून बघा. एक जरी बुडबुडा आला तर परत बुजवा. गळकी सिरिंज घेऊन पुढं गेलात तर सगळी दुपार वाया जाते.

खाली तोंडाच्या बाजूला दोऱ्यानं कुलूप बांधा, नाहीतर हवा भरलेली सिरिंज पाण्यात तरंगते आणि आडवी होते.

पायरी ३ : आधी थंड, मग गरम

डब्यात बर्फ आणि पाणी. सिरिंज उभी, तोंड खाली, दट्ट्या वर. हवेचा सगळा भाग पाण्याखाली गेला पाहिजे पण दट्ट्याचा वरचा उघडा भाग पाण्याच्या वर मोकळ्या हवेत राहिला पाहिजे, कारण त्याच्यावर बाहेरच्या हवेचा दाब पडतो आणि तोच आपला 'स्थिर दाब'. दट्ट्याचं स्वतःचं वजनही वरनं पडतं पण एवढ्या रुंद सिरिंजमध्ये त्याचा फरक नगण्य.

चार-पाच मिनिटं थांबा. प्लास्टिकमधनं उष्णता सावकाश जाते, थर्मामीटर पाण्याचं तापमान दाखवतो आणि आतली हवा अजून मागंच असते.

आता घ्यायचं रीडिंग, आणि इथं एक युक्ती आहे जी कुठल्याच प्रॅक्टिकलच्या वहीत मी बघितली नाही. रबर कितीही मोकळं केलं तरी थोडं अडतंच. मग दट्ट्या बोटानं जरासा आत दाबायचा, सोडायचा, जिथं थांबेल ते लिहायचं. मग जरासा बाहेर ओढायचा, सोडायचा, थांबेल ते लिहायचं. समजा एकदा ४३ आलं आणि एकदा ४४, तर ४३.५ धरायचं. दाबून सोडल्यावर दट्ट्या खऱ्या जागेच्या जरा आधी अडतो, ओढून सोडल्यावर जरा नंतर, त्यामुळं खरी जागा दोन्हीच्या मध्ये असते. गेल्या वर्षी मिरजेहून येणारी एक मुलगी हे करत होती, तिनं दाबून सोडलं की दट्ट्या परत वर येतो हे चार-चार वेळा करून बघितलं आणि म्हणाली, मॅडम, आत कुणीतरी ढकलतंय. तिला रेणू आपटतात हे वाक्य पाठ होतं, पण बोटाला ते तेव्हा लागलं.

मग बर्फाचं पाणी काढून साधं पाणी घाला, रीडिंग घ्या. मग गरम पाणी मिसळत मिसळत ४५, मग ६०. डब्यातलं पाणी चमच्यानं सारखं हलवा, वर गरम आणि खाली गार असं राहतं. स्टीलच्या डब्यातनं खुणा दिसत नाहीत, तर सिरिंज पटकन अर्धी वर उचलून बघायची आणि लगेच परत बुडवायची. ६५-७० च्या वर जाऊ नका, प्लास्टिक मऊ पडतं, शिवाय हात भाजायची भीती. सिरिंज शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच धरायची नाही. लहान पोरं असतील तर गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं.

पायरी ४ : आकडे मांडा

आमच्या एका चांगल्या दिवसाचे आकडे देते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. ३ डिग्रीला ४० मिली, २८ डिग्रीला ४३.५, ४५ डिग्रीला ४६ आणि ६० डिग्रीला ४८.

आधी मुद्दाम चुकीचा भागाकार करून बघा, मिली भागिले सेल्सियस. ४० भागिले ३ म्हणजे १३.३, ४८ भागिले ६० म्हणजे ०.८. काही ताळमेळ नाही. आता प्रत्येक तापमानात २७३ मिळवा. ४० भागिले २७६, ०.१४५. ४३.५ भागिले ३०१, ०.१४५. ४६ भागिले ३१८, ०.१४५. ४८ भागिले ३३३, ०.१४४. चार वेगवेगळ्या पाण्यात बुडवलेली सिरिंज आणि भागाकार एकच. वर्गात हे चार आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून झाले की क्षणभर कुणी बोलत नाही, आणि मला तो क्षण फार आवडतो.

पायरी ५ : रेष मागं न्या

ग्राफ पेपर आडवा धरा. आडव्या अक्षावर तापमान उणे ३०० पासून अधिक ८० पर्यंत, १ सेंटीमीटरला २० डिग्री घेतलं की १९ सेंटीमीटरमध्ये बसतं. उभ्या अक्षावर आकारमान ० पासून ५० पर्यंत. बरीच पोरं इथं अक्ष ० डिग्रीपासनं सुरू करतात आणि मग रेष न्यायला जागाच उरत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. चारही खुणा पानाच्या उजव्या कोपऱ्यात दाटीवाटीनं येतील. लांब पट्टीनं त्यांच्यातनं जाणारी सरळ रेष काढा आणि डावीकडं, खाली, आकारमान शून्य होईपर्यंत न्या, पण मोजलेल्या भागाच्या पुढं ती तुटक काढा.

आमची रेष उणे २८२ ला टेकली. खरा आकडा उणे २७३.१५, याच्याहून थंड काही असूच शकत नाही आणि केल्व्हिनचं शून्य ते हेच. मेडिकलमधली सिरिंज, एमसील आणि स्टीलचा डबा, आणि नऊ डिग्रीचा फरक. तुमची उणे २५० आली किंवा उणे ३०० आली तरी नाराज होऊ नका, खुणा जवळजवळ आणि रेष लांब, त्यामुळं अर्ध्या मिलीच्या फरकानं पण टोक वीस-पंचवीस डिग्री हलतं. गे-ल्यूसॅकच्या मोजणीत ० ला १०० भाग असलेला वायू १०० डिग्रीला १३७.५ भाग झाला होता, आज आपण १३६.६ धरतो, म्हणजे त्याची रेष काढली असती तर उणे २६७ च्या जवळ टेकली असती. आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या, थंडीत बर्फ कधीच न बघणाऱ्या आपल्या सांगलीत बसून विश्वातल्या सगळ्यात थंड तापमानाच्या इतकं जवळ पोचता येतं, याचं मला अजूनही दरवर्षी तेवढंच अप्रूप वाटतं.

तुटक रेष का, तर खरी हवा तिथपर्यंत हवा राहतच नाही. ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, नायट्रोजन उणे १९६ ला. शून्य आकारमानाचा वायू कुणी बघितलेला नाही, रेष फक्त बोट दाखवते. १८४८ मध्ये विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढं लॉर्ड केल्व्हिन झाला त्यानं, तापमान मोजायला खरं शून्य धरणारी मोजपट्टी सुचवली, म्हणून ते नाव.

नियमाला चार्ल्सचं नाव का, हेही पोरं विचारतात. जॅक चार्ल्स हा फ्रेंच माणूस, १ डिसेंबर १७८३ ला पॅरिसमधनं हायड्रोजनच्या फुग्यात बसून हवेत गेलेला. १७८७ च्या सुमारास त्यानं वेगवेगळे वायू तापवून बघितले, पण छापलं काहीच नाही. गे-ल्यूसॅकनं पंधरा वर्षांनी स्वतःचं काम छापताना चार्ल्सचं नाव आवर्जून घेतलं, नाहीतर ते कुणाला कळलंच नसतं.

गणितं करताना

पायऱ्या तीनच. सगळ्यात आधी, बाकी काही वाचायच्या आधी, दोन्ही तापमानांत २७३ मिळवून टाका. मग तापलंय का गार झालंय ते बघून आकारमान वाढणार का कमी होणार हे मनात ठरवा. मग गुणा. तापलं असेल तर मोठं केल्व्हिन वर, गार झालं असेल तर छोटं वर. सूत्रात कुठलं टी (म्हणजे तापमान) कुठं हे विसरलात तरी अशानं चूक होत नाही. एककांचं म्हणाल तर आकारमान मिलीत असू दे नाहीतर लिटरमध्ये, दोन्हीकडं तेच असलं म्हणजे झालं.

आणि स्थिर दाब म्हणजे समुद्रसपाटीचाच दाब असं काही नाही. सांगलीत ९५ किलोपास्कलला करा नाहीतर महाबळेश्वरला त्याहून कमी दाबाला करा, प्रयोग संपेपर्यंत तो बदलला नाही पाहिजे एवढंच, रेष उणे २७३ कडंच जाणार.

कुठं लागू होतो, कुठं नाही

हे जरा सविस्तर लिहिते, कारण व्हिडिओंमध्ये यात फार सरमिसळ बघते.

भाकरी फुगते ती चार्ल्सच्या नियमानं, असं बरेचजण सांगतात. हिशोब करून बघा. ३० डिग्रीची हवा १०० डिग्रीला गेली तरी ३०३ चे ३७३, म्हणजे १ ची सव्वा पण होत नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरनं काढून विस्तवावर टाकल्यावर टम्म फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेनं, १ मिली पाण्याची १०० डिग्रीला जवळपास १७०० मिली वाफ होते. आपल्या ओल्या सिरिंजमध्ये झालं तेच इथं होतं.

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की बॅगेतलं चिप्सचं पाकीट फुगतं. वर तर गार असतं, मग चार्ल्सच्या नियमानं ते बसायला पाहिजे ना? ते फुगतं कारण पाच-सहाशे मीटर चढल्यावर बाहेरचा दाब सहा-सात टक्के कमी होतो. दाब कमी झाला की आकारमान वाढतं, तो बॉइलचा नियम, इथं दाबच बदलला. दोन्ही गोष्टी एकदम घडत असतात आणि त्यात दाबाचा परिणाम जास्त असतो.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं टायर फुटतं, तिथं टायर फारसं पसरू शकत नाही, म्हणून आकारमान जवळपास तेच राहतं आणि दाब वाढतो. दट्ट्या घट्ट अडकलेली सिरिंज समजा. याच कारणासाठी बंद बाटली, डिओचा डबा असलं काही तापवून बघायच्या भानगडीत पडू नका. आणि घरचा गॅस सिलेंडर याच्यात आणूच नका, त्याच्यात बराचसा भाग द्रव असतो, त्याचा हिशोबच वेगळा.

फुगा फ्रिजमध्ये ठेवायचा प्रयोग चांगला आहे, फक्त पोरं म्हणतात काही फरकच पडला नाही. पडतो, डोळ्याला दिसत नाही. ३० वरनं ५ डिग्रीला आणला तर आकारमान आठ टक्के कमी होतं, पण घेर तीनच टक्के, कारण तो लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडनं थोडाथोडा आटतो. शिंप्याच्या टेपनं मोजा, ६० सेंटीमीटरचा घेर साधारण ५८ वर येईल. रबराचा ताण असल्यानं इथं दाब अगदी स्थिर नसतो, पण बघायला ठीक आहे.

सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या भागात गुऱ्हाळावर बघायला मिळतं. चुलवाणात चिपाड पेटलेलं असतं, चिमणी उंच, आणि तोंडाशी उभं राहिलात तर हवा आत ओढली जाताना पायाला जाणवते. चिमणीतली हवा तापून पसरलेली असते, दाब जवळपास बाहेरच्याएवढाच, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी वजनाची हवा, म्हणून ती वर जाते आणि तिच्या जागी खालनं नवीन येते. सांगलीच्या दाबाला ३० डिग्रीची एक घनमीटर हवा साधारण १०९० ग्रॅम भरते, १०० डिग्रीची साधारण ८९० ग्रॅम. तो दोनशे ग्रॅमचा फरकच ती हवा वर नेतो, आणि गरम हवेचा फुगा पण याच फरकावर माणसं उचलतो.

ज्यांच्याकडं सिरिंज नाही त्यांच्यासाठी

३० मिलीची काचेची औषधाची कोरडी बाटली घ्या, झाकणाला भोक पाडून सलाइनची पारदर्शक नळी वीतभर बाहेर ठेवून बसवा, एमसीलनं सांधा बंद करा. नळी आडवी ठेवा आणि टोकातनं कुंकवाच्या पाण्याचा एक थेंब आत ओढून घ्या. बाटली नुसती दोन्ही तळव्यांत धरा. थेंब लगेच बाहेरच्या बाजूला पळायला लागतो, एका डिग्रीला दीड सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून हात लवकर काढा नाहीतर तो बाहेर पडतो. नळी आडवीच हवी, उभी केली तर थेंबाचं वजन हवेवर येतं.

हे बघायसाठी उत्तम आहे पण थर्मामीटर म्हणून खिडकीत ठेवू नका. आमच्या एका पोरानं ठेवलं होतं, घरातलं तापमान बदललं नसताना सकाळी दहाला थेंब एका जागी आणि दुपारी चारला दीडेक सेंटीमीटर बाहेर. आपल्याकडं हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलनं (दहा हेक्टोपास्कल म्हणजे एक किलोपास्कल) उतरतो, तेवढ्यानं ही बाटली एक डिग्री तापल्यासारखी दाखवते. सिरिंजचा प्रयोग करताना म्हणूनच चारही रीडिंग एका बैठकीत, तास-दीड तासात उरकून घ्या, अर्धी सकाळी आणि अर्धी शाळा सुटल्यावर असं करू नका.